नळीतला निळा रंग

शहागड,
५ मे १९७७

चि. सौ. बेबीनंदास आईचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी ठीक आहोत. ऊन फार आहे. गोदावरी आटून पार पलीकडच्या काठाला लागलीय, आणि हमरस्त्यावरच्या ट्रकांची धूळ सरळ आपल्या ओट्यावर येते. संपतरावांची नोकरी कशी चाललीय? सुट्टी लागेपर्यंत नागपूरच्या उन्हात शाळेत शिकवायला जाताना डोक्याला फडकं बांधतेस ना?

परवा पौर्णिमेची खीर केली. तुझ्या दादांसाठी वेगळ्या पातेल्यात, सॅकरिनच्या गोळ्या घालून. त्या मी दुधाबरोबरच टाकल्या आणि चांगल्या उकळल्या. गोळी शिजवायची नसते, खाली उतरवल्यावर घालायची, हे तू बजावून सांगितलं होतंस. ध्यानातच राहिलं नाही. खीर कडू झाली. दादांनी वाटी संपवली आणि म्हणाले, "तुमच्या कॉन्व्हेंटातल्या नन अशीच करत होत्या का?"

हसले मी. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आम्हाला नाताळात एकेक टॉफी मिळायची, ती मी चाटून चाटून आठवडाभर पुरवायची. तुला हे किती वेळा सांगितलंय! आता सांगायला घरात कोणी नाही.

शेजारच्या केशरबाई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, गुळाची करायची की. गूळ काय साखर हाय?"

"ते आमच्या बेबीला विचारा," दादा म्हणाले. "ती तर म्हणती, भाकरीचीबी रक्तात साखरच बनती."

दोन वर्षांत तुझं नाव पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आलं. केशरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. दादा वाटी घेऊन आत निघून गेले.

तू सुट्टीत आलीस की सकाळी त्यांची लघवी तपासायचीस. नळीत ते निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर आहे, विटकरी झालं तर फार. तू लग्न करून गेल्यावर ते काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. स्वतःच नळी खिडकीशी धरायचे, आणि रोज एकच सांगायचे, "बिलकुल निळं हाय."

मला खरं वाटायचं. पण माणूस वाळत चाललेला, पाण्याचा तांब्या सारखा जवळ. मागच्या महिन्यात त्यांनी नळी धुवायच्या आत मी पाहिली. वीट असावी तशी लाल. मी चिडलेच. म्हटलं, "मला फसवून राह्यलात का?"

त्यांनी नळी पुन्हा उजेडाला धरली. बराच वेळ धरली. मग हळूच म्हणाले, "निळं न्हाई का गं?"

बेबी, इथं लिहिता लिहिता उठले होते. चहा ठेवून आले.

जालन्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलंय. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, म्हणाले. साखर ताब्यात राहिली तर उरली आहे ती नजर कदाचित टिकेल. उजेड कळतो. अगदी जवळून चेहरा ओळखतात. अक्षर दिसत नाही.

तुझी पत्रं आली ती दादांनी न फोडता उशीखाली ठेवली. वाटूरच्या स्थळाला त्यांनी शब्द दिला होता आणि तू संपतरावांशी लग्न केलंस, त्याचा राग, असं तुलाही वाटलं असेल, मलाही वाटलं. राग होताच, खोटं कशाला लिहू? पण पहिलं पत्र रागानं ठेवलं, पुढची कशानं, ते आता कळलं. काल दुपारी सगळी काढून माझ्या हातात दिली. "वाच." मी वाचली. तू भाड्याच्या खोलीपुढे तुळस आणि गवती चहा लावलायस, तेवढं त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

नळी आता मी धरते. तरी कुरकुर आहेच. "तुझा रंग मला पटत न्हाई. बेबीनं सांगितला तर बराबर." त्यांना एवढंच बोलता येतं.

तर तू ये. संपतरावांना घेऊन ये. त्यांचा चेहरा दादांनी पाहिलेला नाही, आणि तो अजून पाहता येईल. शाळा उघडायच्या आधी या, दिवाळीवर टाकू नका.

मी त्यांना म्हटलं, खाली सही करा, म्हणजे पोरीला खरं वाटेल. त्यांनी बोटानं कागदाची कड चाचपली, पेन धरला. खाली तिरकी जाऊन कागदाबाहेर गेलेली ती रेघ त्यांची आहे. "बराबर आली का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. तुला विचारतील, तेव्हा तूही हो म्हण.

दारातून रस्त्याकडे बघत बसलेली,
तुझी आई