पान्याने लावलेला संबळ

महाळुंगे, ता. खेड
गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप दादास,

गोरक्षचा साष्टांग नमस्कार. आई राजा उदो उदो. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. मायचे गुडघे आणि वहिनींचा राग दोन्ही काबूत असतील असं धरून चालतो.

पाकीट हातात घेऊन तू आधी उलटंसुलटं करशील आणि वहिनींना म्हणशील, "ह्याचे फोन मेले का काय?" फोन जिवंत आहेत. पण कंपनीत आत न्यायला बंदी, घरी पत्र्याखाली रेंज मिळत नाही, आणि घरच्या ग्रुपमधून तू मागच्या नवरात्रात निघून गेलास तो गेलासच. मग म्हटलं पत्रच लिहावं. आज गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. अनिता मटकी निवडत बसली आहे आणि मी दारात बसून लिहितो आहे.

बातमी सांगतो, पण आधी चहा पिऊन घे. ज्या संबळाचा व्हिडिओ बघून तू "देवीच्या दारात प्लास्टिक न्हाई वाजायचं" म्हणालास आणि अबोला धरलास, तोच संबळ निवडला गेला आहे.

पुण्यात एक संस्था आहे. विज्ञान असो, यंत्र असो की कला, कुणी काही नवं करत असेल तर त्याला ती वर्षभर पैसा पुरवते. पोटाची चिंता न करता त्याने हातातलं काम पुरं करावं, एवढीच अट. हर्षालीने कॉलेजात हे ऐकलं आणि बापाला न विचारता माझं नाव घातलं. मुलाखतीला गेलो तर माझ्या आधी एक जण चालणारा रोबोट घेऊन बसला होता. एक बाई दुधातली भेसळ ओळखणारी पट्टी घेऊन आली होती. आणि मी अनिताच्या जुन्या साडीत गुंडाळलेला संबळ मांडीवर घेऊन. मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, लग्न कुठल्या हॉलमध्ये आहे.

आत तीन जण होते. मी अनिताला शेजारी बसवून घेतलं. म्हटलं, मला इंग्रजी नीट कळत नाही. तसे ते मराठीतच बोलत होते, पण असो.

मी त्यांना सगळं दाखवलं. पावसाळ्यात आणि एसीच्या हॉलमध्ये कातडं कसं सैल पडतं, मग आपण ते शेकत कसे बसतो, तेही सांगितलं. आता कातड्याच्या जागी दोन पातळ फिल्म, मध्ये चिकटवलेलं सुती कापड. दोरीच्या जागी भोसरीत लेथवर करून घेतलेली लोखंडी कडी आणि तिला बोल्ट. आणि बोल्ट आवळायला आमच्या शॉपमधला टॉर्क रेंच. तुला सांगायचं तर हा असा पाना, की ठरवला तेवढा ताण आला की तळहाताला झटका देतो. झटका बसला की थांबायचं. सगळे बोल्ट सारखे आवळले की संबळ लागला.

मोठ्या मॅडम पुढे वाकून म्हणाल्या, "म्हणजे ज्याचा कान तयार नाही, त्यालाही हा लावता येईल?" मी म्हणालो, "हो." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भराभर लिहून घेतलं. मला तेव्हाच कळलं की काम झालं.

आता शेवटचा टप्पा. गुरुवारी, २४ ऑक्टोबरला त्यांच्या सभागृहात जुना संबळ आणि नवा संबळ एकापाठोपाठ वाजवून दाखवायचा. पसंत पडला तर वर्षभरात असे पुष्कळ संबळ करून राज्यातल्या गोंधळ्यांना वाटायचे. दादा, कोजागरीची गर्दी ओसरली की अण्णांचा संबळ घेऊन तू ये. मी नको, तू वाजव. इथे वाजवणारे आहेत, नाहीत असं नाही. पण तू ये.

किती वर्षं झाली आपण दोघं एका पेंडालखाली उभे राहिलो त्याला? पाळीवरून घरी येताना कधी कधी पाठीमागे तू गुणगुणतोयस असं वाटतं. वळून बघतो तर कंपनीची बस.

मायला दंडवत.

तुझा,
गोरक्ष


महाळुंगे
गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींत तू मला चांगलं धुवून वाळत घातलंस. "कान लागत न्हाई ते वाद्य कसलं? तुज्या पान्यालाच गोंधळ घालाय सांग. आन फोन कामून उचलंना गेलास, लै मोठा झालास का?" अनिताने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय, मी बघितलं नाही.

तू वाजवायला यायला नाही म्हणतोस. ठीक. मी कारण न सांगता बोलावलं, म्हणून तू नाही म्हणालास. आता कारण सांगतो.

मागच्या वर्षी श्रावण संपता संपता पिंपळे सौदागरला एका सोसायटीत गोंधळ होता. नायक आपला भोसरीचा ज्ञानेश, संबळावर मी. तिथे दहानंतर वाजवायला बंदी म्हणून दिवेलागणीलाच चौक मांडला होता. मी नवा संबळ बांधून उभा. चांगला रंग भरला होता. मध्येच ज्ञानेशने वळून भुवया उडवल्या. मला वाटलं लय वाढव म्हणतोय, मी वाढवली. त्याने परत बघितलं. झांजवालाही बघायला लागला. मी आपला जोरात. पुढच्या रांगेतली पोरं हसत होती, मी त्यांच्याकडे बघून हसलो.

आरती झाल्यावर ज्ञानेशने मला बाजूला घेतलं आणि संबळाच्या लहान भांड्यावर बोट ठेवलं. दोन बोल्ट निघून गेले होते. वरची फिल्म पार ढिली पडली होती. मडक्यावर मारल्यासारखा आवाज निघत होता म्हणे, पहिल्या पदापासून. सगळ्यांना ऐकू येत होतं, दादा. मला नाही.

फोन त्याच्यासाठी उचलत नाही. रेंज चांगली आहे इथे.

डॉक्टरने कानाला यंत्र लावून बघितलं, कागदावर एक रेघ काढली. ती अर्ध्यापर्यंत सरळ जाते आणि मग खाली कोसळते. जाड आवाज येतात, बारीक गेले. कुकरची शिट्टी मला दिसते, ऐकू येत नाही. झांज नुसती हलते. माणसं बोलतात ते तोंडाकडे बघून जुळवतो. गेलेलं परत येत नाही म्हणाले. कानातलं मशीन लावून पाहिलं, त्यातून संबळ रॉकेलच्या डब्यासारखा वाजतो, काढून ठेवलं.

कंपनीला बोल लावू नको. त्यांनी पहिल्या दिवसापासून कानात घालायला बुचं दिली होती. मीच ती खिशात ठेवायचो. का, ते फक्त तुला कळेल. आमच्याकडे ओळीने प्रेस उभ्या आहेत, गाडीचा दरवाजा ठोकून काढणाऱ्या. प्रत्येकीची पडायची वेळ वेगळी. नवीन होतो तेव्हा एके दिवशी लक्षात आलं की त्या सगळ्या मिळून ठेका धरतात, आणि मधे एक जागा रिकामी राहते, बरोब्बर आपल्या लहान भांड्याच्या काडीची. बुचं घातली की ठेका बंद. मग मी ती काढायचो आणि मनातल्या मनात ती जागा भरत उभा राहायचो. घरापासून, तुझ्यापासून इतक्या लांब आठ तास उभं राहायचं, मला तेवढीच सोबत होती. ती सोबत कान खाऊन गेली.

म्हणून पाना, दादा. संस्थेला वाटतं मी मोठी युक्ती काढली. मी नुसती काठी शोधली, आंधळा शोधतो तशी. हर्षालीच्या मोबाइलवर आवाजाचा आकडा दिसतो, तो ज्ञानेशच्या कातडी संबळाशी जुळवला आणि पाना त्यावर ठरवला. आकडा जुळतो. पण या संबळाचा पुरा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. ज्ञानेश म्हणतो भारी आहे, पण त्याला सगळंच भारी वाटतं. अण्णांच्या संबळाचा आवाज ज्याच्या कानात आहे असा आता तू एकटा आहेस.

तू ऐक. होय म्हणालास तर मी त्यांचे पैसे घेईन. नाही म्हणालास तर नाही. पण ये.

मायला यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
गोरक्ष


महाळुंगे
गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. वहिनींनी दिलेल्या करंज्या संपल्या, डबा हर्षालीने लपवून ठेवला आहे.

तू आलास. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीत जेवलास, अनिताला "लै झणझणीत केलीस गं बाई" म्हणालास. मला अजून खरं वाटत नाही. तू वल्लभनगरच्या स्टँडवर एसटीतून उतरलास, अण्णांचा संबळ खांद्याला, आणि माझ्याजवळ येऊन माझे दोन्ही कान हातांत धरलेस. लोक बघत होते. मी रडलो, तू बघितलंस. त्याची मला लाज नाही.

सभागृहातलं तर तुला माहीतच आहे, तरी लिहितो. मला ते सारखं लिहावंसं वाटतं. आधी अण्णांचा संबळ वाजवलास. मग माझा. मोठ्या मॅडमनी विचारलं, "आदिनाथराव, तुम्हाला काही फरक वाटतो?" मी तुझ्या तोंडाकडेच बघत होतो, एक अक्षर सुटू दिलं नाही. तू म्हणालास, "काय बी फरक न्हाई. आमच्या अण्णाचाच आवाज हाय ह्यो." टाळ्या झाल्या. त्या मला दिसल्या.

मंजुरी आली आहे. या महिनाअखेर सही करायची. अनिताने पेढे वाटले, ज्ञानेशने मला खांद्यावर घेतलं. आणि मी अजून सही केलेली नाही.

दादा, अण्णांचा संबळ वाजवताना तुझे डोळे मिटलेले होते. मान हलत होती, ओठ हलत होते, तू त्या सभागृहात नव्हतासच. मग माझा बांधलास आणि पहिल्या काडीपासून शेवटपर्यंत तुझे डोळे उघडे होते. तू माझ्याकडे बघत होतास. ज्याला ऐकू येत नाही तो दुसरं काय करणार, तो बघत बसतो. मी बघितलं.

आधी मनाची समजूत घातली. म्हटलं, नवीन वाद्य, बोल्टांवर लक्ष ठेवलं असेल. म्हटलं, परीक्षकांसमोर दडपण आलं असेल. तुला आणि दडपण! कलेक्टरच्या घरच्या गोंधळात कलेक्टरला "सरकून बसा" म्हणणारा माणूस तू.

मग तुझे इथले चारही दिवस आठवले. तू माझ्यासमोर बसून सावकाश बोलत होतास. माझ्या ताटात वाढत होतास. मी खोलीत संबळ घेऊन बसलो तेव्हा माझी डावी काडी मागे पडत होती, ते मला हाताला कळत होतं. आणि तू म्हणालास, "झ्याक." आयुष्यात तू मला झ्याक म्हणाला नव्हतास. लहानपणी ठेका चुकला की तुझी काडी माझ्या बोटांवर बसायची, आणि सोबत असं काहीतरी यायचं जे पत्रात लिहिता येत नाही. मी लपून रडायचो आणि परत येऊन बरोबर वाजवायचो. ते सगळं तुझ्या आवाजात अजून माझ्या डोक्यात जसंच्या तसं आहे. बारीक आवाजही.

मॅडमना मी अजून काही बोललो नाही. चांगल्या आहेत त्या. खरं सांगितलं तर मुदत देतीलही, नाहीतर पैसे दुसऱ्याला जातील. जाऊ देत, भेसळीची पट्टी करणारी ती बाई हुशार होती. पण मी सही केली आणि आवाज खोटा असला, तर तो खोटा आवाज गावोगाव देवीपुढे जाईल. नवी पोरं तोच ऐकत शिकतील आणि त्यालाच संबळ म्हणतील. तुझ्यामाझ्यानंतर त्यांना सांगणारं कुणी नसेल. आणि मी इथे पेढे खाऊन बसलेला असेन, काही ऐकू न येता.

कान गेल्यापासून सगळे माझ्याशी गोड बोलतात. सुपरवायझर, शेजारी, वाणीसुद्धा. मान डोलावतात, हसतात, आणि तोंड फिरवून आपसात खरं काय ते बोलतात. मला त्याची सवय झाली आहे. पण तूही त्यांच्यात जाऊन बसलास तर मी खरंच बहिरा झालो, दादा.

तू माझ्यावरच्या मायेपोटी बोललास, ते मला कळतं. म्हणून रागावता येत नाही. नुसतं आत कुठेतरी रिकामं वाटतं. मला तुझी माया नको होती, मला तुझे कान हवे होते.

खरंच तोच आवाज असेल तर तसं लिही, मी सही करीन आणि पुन्हा विचारणार नाही. नसेल तर कुठे चुकतोय ते लिही. लहान भांडं फुटकं वाजतं का? मोठं घुमत नाही? मध्ये कापड जाड झालंय? मी पहिल्यापासून करीन. तू इथे येऊन बस, मी एकेक बोल्ट सैल करत जाईन, आणि तुझ्या चेहऱ्यावरून मला कळेल. वर्ष लागलं तरी चालेल. तेवढं वर्ष आपण एका खोलीत असू.

कार्ड चार ओळींचंच पाठव. पण सप्टेंबरात पाठवलंस तसं पाठव.

तुझ्या शिव्यांसाठी आसुसलेला,
गोरक्ष