अर्थिंगला पाणी

३ मार्च
आले बाई एकदाची जळकोटला. आमच्या ईट गावाहून निघताना आईचं तेच रडगाणं, एकटी पोर हायवेच्या गावात दुकान टाकती, लोक काय म्हणतील. म्हणू दे की. मिक्सर बंद पडला की तेच लोक माझ्याकडं येतील. वायरमनचा कोर्स काय भिंतीवर सर्टिफिकेट लावायला केलाय का मी?

दुकान लहान आहे, पण मोक्याचं. आधी किराणा होता. मालकीण शांताक्का, सत्तरीच्या पुढच्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. नवरा महांतप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मागच्या दोन खोल्यांतली एक त्यांनी मला दिली. आल्या आल्या कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही. शिवकन्या नाव त्यांना फार आवडलं. मला तर अक्काच लई आवडल्या.

एकच भानगड. संध्याकाळी शटर ओढताना अक्कांना करंट बसला. त्या हसल्या, अधूनमधून लागतंय म्हणाल्या. मी म्हटलं, अक्का, अशानं एक दिवस जाल. फॉल्ट मी शोधणार म्हणजे शोधणार.

६ मार्च
फॉल्ट काही सापडेना. गल्ल्यावरचा बल्ब मनाला येईल तसा मंद होतो, परत उजळतो. नवा होल्डर टाकला, स्विच बदलला, सगळे जोड उघडून बघितले. सगळं ठणठणीत. हा असला येणारा-जाणारा फॉल्ट म्हणजे रुसलेला जावई, वाट बघत बसलं की येत नाही.

दुपारी शटर अर्धं ओढून अक्का गल्ल्याशी बसतात आणि बल्बाकडं बघत कानडीत पुटपुटतात. बल्बही नेमका तेव्हाच जास्त हलतो. मला वाटलं, जप करत असतील.

९ मार्च
सापडला! बल्बाची परतीची वायर बोर्डात येतच नाही. शटरच्या पत्र्याला घासत भिंतीतून मागच्या अंगणात जाते, तिथं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधली आहे. न्यूट्रल, म्हणजे ही परतीची वायर, तुटली की आपल्याकडं सगळे हाच जुगाड करतात, अर्थिंगवर, म्हणजे जमिनीवर दिवा चालवतात. माती ओली असेपर्यंत ठीक. वाळली की सळईतच करंट उतरतो. आणि अक्का तिथं रोज अनवाणी उभ्या राहून पाणी घालतात. वर हळदीकुंकूही वाहतात. माझ्या तर अंगावर काटाच आला.

हे काम त्यांच्या पुतण्याचं, बंडप्पाचं. अंगण सगळं मुरमाचं, पहार मारली तर उसळून येते. तेवढीच एक जागा मऊ होती म्हणून त्यानं तिथं ठोकली. मी वायर तोडली, बोर्डातून नीट न्यूट्रल दिली. काम फक्कड झालं, बल्ब स्थिर.

अक्का मात्र जेवल्या नाहीत. विचारलं तर भूक न्हाय म्हणाल्या.

११ मार्च
हे लिहू का नको असं झालंय. दुपारी बल्ब परत हलायला लागला. चिडून मी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकला.

बल्ब जळतच राहिला. पिवळसर, कमीजास्त, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

अंगणात जाऊन सळईला टेस्टर लावला. तिला आता वायरच नाही, कशाला जोडलेलीच नाही. तरी टेस्टर पेटला. म्हणजे करंट दुकानातून खाली जात नाही. खालून वर येतोय.

बंडप्पाला गाठलं. तो म्हणाला, सळई हातभर गेली आणि कशाला तरी अडकली, म्हणून तशीच ठेवली. अंगणाचं नाव काढल्यावर माझ्याकडं बघेना.

मग अक्कांना विचारलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं. "आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरत्यात. आमच्या ह्यांची विच्छाच व्हती, आपल्याच जागंत ठिवा म्हनून. बसलेल्या मानसाचं डोकं वरच असतंय, पोरी."

सळई ठोकताना अक्का तिथंच उभ्या होत्या. पुतण्याला अडवणारच होत्या, तेवढ्यात आत दिवा लागला आणि त्यांना बघितल्यासारखं हलला. मरताना महांतप्पांची वाचा गेली होती, दोघांचं बोलणं राहून गेलं होतं. अक्का म्हणाल्या, आता बोलत्यात. त्यांना न्हिऊ नको.

मला रडू आलं. पण करंटाला नवराबायको कळत नाही, तो एक दिवस अक्कांना घेऊन जाणार. उद्या जंगमांना, त्यांच्या गुरूंना, बोलावून सळई काढायचीच, असं ठरवलंय.

१२ मार्च
जंगम गावाला गेलेत, परवा येणार. अक्कांना अंगणात जायचं नाही म्हणून बजावलंय. देवाची शपथ घातलीय. हो म्हणाल्या. माझ्या डोळ्याला डोळा मात्र देत नाहीत.

१३ मार्च
दुपारी घागर पडल्याचा आवाज आला. पळत गेले. सगळा चिखल, आणि अक्का दोन्ही हातांनी सळईला चिकटलेल्या. चेहरा हसरा. मागं वाळकं लाकूड पडलं होतं, तेच घ्यायचं असतं, कोर्सच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी मूर्खासारखा हात घातला. अक्कांना कवटाळून ओढलं.

झटका बसला नाही. गार काहीतरी हातातून छातीत आलं आणि तिथंच थांबलं.

अक्का वाचल्या. देवा, वाचल्या.

सळईला टेस्टर लावला. पेटत नाही.

१४ मार्च
बल्ब लागत नाही. फ्यूज घातला, मेन चालू केला, नवा बल्ब लावला, तरी नाही. अक्का भिंतीला टेकून रडतात. दुसऱ्यांदा विधवा झाले म्हणाल्या. जंगमांनी सळई काढली, मंत्र म्हटले, जागा लिंपून घेतली. दोघी सुटलो असं वाटलं.

माझ्या छातीत अजून गार आहे.

१५ मार्च
गिऱ्हाईकाला बल्ब द्यायला खोक्यातून काढला. माझ्या हातात तो —

पेटला. पिवळसर. कमीजास्त.

गिऱ्हाईक पळालं. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी बघितलं. रडणं थांबलं त्यांचं.

टेस्टर स्वतःच्या मनगटाला लावला. पुढचं लिहवत नाही.

१६ मार्च
ईटला जायचं. बॅग भरली. शटरला आतून कुलूप आहे. किल्ली अक्कांच्या कमरेला.

सकाळपासून त्यांनी इरकल लुगडं नेसलंय, केस विंचरलेत. माझं ताट वाढलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. जेवा म्हणाल्या. जेवा. परवापर्यंत मला पोरी म्हणायच्या, आता तुम्ही म्हणतात. नावही घेत नाहीत. पदर डोक्यावर.

म्हटलं, अक्का, मी शिवकन्या. हसल्या. लाजल्या.

दुपार —
गल्ल्याशी बसवलंय मला. उठता येत नाही, पाय — पाय जड, मांडी घातली गेलीय आपोआप. अक्का समोर. माझ्या चेहऱ्याकडं बघत कानडीत काहीतरी विचारतायत, तेच तेच, डोळ्यांत पाणी.

मला कानडी येत नाही. एक शब्द येत नाही. आईशप्पथ येत नाही. पण आत्ता त्या काय म्हणाल्या ते मला कळलं. आणि माझं तोंड उघडतंय, मी उत्तर दे—