निनाद ऑल-लीगमध्ये

१६ नोव्हें., कोबे
निनादची मॅच. थर्ड इयरला आला, तरी पोरगं अमेरिकन फुटबॉलमध्ये नेमकं करतं काय, ते मला आत्ता कळायला लागलंय. गार्ड. बॉल हातात कधीच नाही. समोरचा धिप्पाड गडी अडवून धरायचा, बस्स. मूळ जागा मोरिताची, फोर्थ इयर. सप्टेंबरात त्याचा गुडघा गेला म्हणून निनाद उभा. मोरिताची आई दर मॅचला शेजारी बसून मला खेळ समजावते. स्वतःचा मुलगा कुबड्यांवर, तरी! आज म्हणाली, "ऑल-लीगसाठी निनाद-कुनचं नाव ऐकू येतंय." म्हणजे सगळ्या टीम्समधून त्या जागेचा सर्वोत्तम. हिला लगेच फोन.

३० नोव्हें.
शेवटची मॅच हरलो. फोर्थ इयरवाले गुडघे टेकून रडले. त्यांचा खेळ संपला, आता नोकऱ्या. मोरिता युनिफॉर्म घालून रेषेबाहेरच.

४ डिसें.
झालं! ऑल-लीग! निनादच्या आधी मीच वेबसाइटवर पाहिलं. हिनं पेढे वळले, दुपारी मी डबा घेऊन थेट ग्राउंडवर. सगळे वाकून "ओमेदेतो" (अभिनंदन) म्हणाले, पण आवाज कोरडे. पेढा कुणी उचलेना. शेवटी मोरितानं एक घेतला, हसला, लंगडत निघून गेला. निनाद दबक्या आवाजात, "बाबा, यामेते, पुरे आता. जा ना तू घरी."

५ डिसें.
तानाका-सानना विचारलं. ऑफिसात मी साहेब, पण असल्या बाबतीत ते गुरुजी. त्यांनी दातांतून हवा ओढली (म्हणजे प्रकरण गंभीर). "ज्या सेनपाईची, म्हणजे सीनियरची, जागा मिळाली, त्याला आधी स्वतः जाऊन सांगायचं. बाकीचं जग नंतर."
निनाद काल संध्याकाळी तेच करणार होता.
घरी तो, "मोरिता-सान बोलले नाहीत तर पुढच्या शनिवारी अवॉर्ड घ्यायला जाणार नाही."
ही, "तुझ्या बाबांना दम निघेल तर ना!"
उरलेल्या पेढ्यांचा डबा फ्रीजमध्ये ठेवला.

८ डिसें.
निनादला मोरिताचा मेसेज आला. "शनिवारी ब्लेझर घालशील ना?" एवढंच. टोमणा की माया? पुन्हा पुन्हा वाचला. माणूस बोलला की त्याच्या पोटातलं मला कळतं, धंदा त्यावरच उभा केला. पण मेसेजला आवाज कुठला?
म्हटलं, "फोन कर."
"असा एकदम?"
"एकदमच."
बाल्कनीत गेलाय, दार ओढून घेतलंय. मी टीव्ही बंद केला. हिनं लाटणं खाली ठेवलं. "मोरिता-सान..." एवढं ऐकू आलं. मग निनादचं हसणं, आणि दार उघडून, "आई, ब्लेझर काढ. मोरिता-सान पण येतायत."