कवळी आणि टेनर सॅक्सोफोन

न्यू जर्सी,
८ जानेवारी २००१

आदरणीय मामांस,
मैत्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

सोबत कॅसेट पाठवते आहे. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने आपल्या जुन्या तबकडीवरून भरून दिली. जॅझ आहे, पन्नासच्या दशकातलं. वाजवणारा टेनर सॅक्सोफोनवाला, म्हणजे तुमच्याच जातकुळीचा. ऐकताना वरातीपुढे गाल फुगवून चालणारे तुम्ही दिसलात.

आई कळवते, की कवळी बसवल्यापासून तुम्ही सॅक्सोफोनला हात लावला नाही आणि आता तो हिंदुरावकाकांच्या बँडला देऊन टाकणार आहात. मामा, मेमध्ये माझं लग्न आहे. बुद्धवंदनेनंतर तुम्ही वाजवणार, हे मी सातवीत असल्यापासून ठरलंय. देऊ नका.

लोभ आहेच, तो सॅक्सोफोनवरही असू द्यावा.
आपली मैत्री

मांजरी,
२ फेब्रुवारी

चि. मैत्रीस,
जयभीम व अ. उ. आ.

कॅसेट पोचली. पहिल्यांदा ऐकली आणि तुझ्या मामीला म्हटलं, पोरीला फसवलं. गाणं रंगात आलं आणि सॅक्सोफोन गायब! नुसता पियानो आणि ड्रम. कॅसेट काढून पेन्सिलीने फिरवली, तरी तेच. आमच्यात सॅक्सोफोन थांबला, की बँडचा मालक हिंदुराव मागे वळून डोळे वटारतो. जन्मभर श्वास चोरून घेतला, पण थांबलो नाही. मामी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, अहो, तो गेला नाही, दुसऱ्याला बोलू देतोय. तुम्हाला घरातही त्याची सवय नाही.

तेव्हापासून रोज ऐकतो. काय माणूस आहे! आवाज काकवीसारखा दाट, पण कडेला धार. सुरावट आधी सरळ सांगतो, मग तिलाच उलटीपालटी करून चिडवतो. एक तुकडा टाकून गप्प बसतो; ड्रमवाला टोला हाणतो, की हा हसत उत्तर देतो. खालच्या सुराला आमच्या फडताळातली भांडी थरथरतात.

पण माझी कवळी लांब फुंकर घातली की सरकते. तुझ्या सासरच्यांसमोर ती पडली तर? हिंदुराव महिनाअखेरीस न्यायला येतोय. त्याला शब्द दिलाय.

राग नसावा, माया असावी.
तुझा बुद्धभूषणमामा

न्यू जर्सी,
१५ फेब्रुवारी

आदरणीय मामांस,
स. जयभीम.

काकांना चहा द्या, कॅसेट ऐकवा. तुम्ही दोनच तुकडे वाजवलेत तरी मला चालेल. दुसऱ्या कुणाचं अख्खं गाणं नको.

मामीला नमस्कार, तिचं ऐकत जावं.
मैत्री

मांजरी,
४ मार्च

चि. मैत्रीस,
जयभीम व अ. उ. आ.

हिंदुराव आला, सोबत क्लॅरिनेटवाला श्रीधर. दोघांना कॅसेट ऐकवली. हिंदुराव मान डोलवत म्हणाला, जबर आहे, पण वरातीत कामाचा नाही. मग मीच सॅक्सोफोन काढला. शेवटचा म्हणून.

दोन ओळी वाजवल्या. कवळी सुटायला लागली तसा थांबलो. श्रीधरने पुढची ओळ उचलली, अगदी हळू. मी जिभेने कवळी बसवली, त्याचं ऐकलं आणि पुढचा खालचा सूर लावला. भांडी थरथरली. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मेमध्ये तुझ्या लग्नात श्रीधरही माझ्यासोबत वाजवायला येतोय. सॅक्सोफोन घरीच आहे. मधे मी थांबलो, तेव्हा हिंदुरावाने सवयीने वळून डोळे वटारले. त्याला सांगितलं, पुढे बघ, मी वाजवतोच आहे.

तुझीच वाट पाहणारा,
मामा