शाळेच्या हौदातली सामुद्रधुनी

१२ ऑगस्ट, मंगळवार

अपूर्णांक चालले होते. टालिया अहमत मध्येच उभी राहिली — "मिस, अर्धा दिवस बोट चालवायला पेट्रोल किती लागतं?"

मला वाटलं, गणितातून सुटका करून घ्यायचा नवा डाव! मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. तिच्या बाबांची बहीण, नाओमाई आत्या, आपल्या देशाच्या उत्तर टोकाला जी सामुद्रधुनी आहे तिच्या पलीकडे, पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर एका खेड्यात असते. तिला टीबी झालाय. गेल्या वर्षी औषध सुरू केलं होतं, पण दवाखाना बोटीने अर्ध्या दिवसावर. पेट्रोल संपलं, फेऱ्या थांबल्या, गोळ्यांत खंड पडला. आता तोच आजार दुप्पट हट्टी होऊन परत आलाय.

"गोळ्या फुकट असतात मिस. पण गोळ्यांपर्यंत जायला पैसे पडतात."

अकरा वर्षांची पोर!

घरी नवऱ्याला, विकला, सांगितलं. साखर कारखान्यात गाळप जोरात, म्हणून रात्रपाळीला निघायच्या घाईत जेवत होता. "मग द्या की पेट्रोल," म्हणाला आणि बटाटा तोंडात टाकला. पुरुषांना सगळं कसं सोपं!

१४ ऑगस्ट, गुरुवार

डेझ ट्रँटरच्या ऑफिसात गेले. मी तोंड उघडायच्या आत आमचे हे मुख्याध्यापक म्हणतात, "हिलरी, तुझा चेहरा बघूनच माझा खिसा दुखायला लागतो."

शाळेने पैसे जमवायचे एवढं ठरलं. कसे? केक विकून? आमच्या टलीगा क्रीक गावात आता केक दिसला की लोक रस्ता बदलतात. सॉसेज? परवाच झाले.

वर्गातच विचारलं. शेवटच्या बाकावरून फिन स्पार्गो — "आपण पोहून जाऊ या तिकडे!"

सगळे हसले. मी पण. मग हसता हसता थांबले. आपल्याकडचं उत्तरेचं शेवटचं टोक म्हणजे केप यॉर्क, तिथून पलीकडच्या दवाखान्यापर्यंत दीडशेएक किलोमीटर. शाळेचा हौद पंचवीस मीटरचा. सगळ्या शाळेने मिळून तेवढं अंतर हौदातच कापायचं! प्रत्येक फेरीला कुणीतरी पैसे लावायचे — आजी, शेजारी, खाटीक, कुणीही.

डेझ लगेच हो म्हणाला. वर विचारतो, "आपल्या हौदात मगरी नाहीत ना?"

२५ ऑगस्ट, सोमवार

पालकांची सभा. अजून डोकं तापलेलं आहे.

सगळं छान चाललं होतं. फेऱ्या, वेळा, उन्हाच्या टोप्या. मग लॉरेटा स्पार्गो उठली. फिनची आई. गावातली निम्मी डोकी तिच्याच सलूनमध्ये कापली जातात, त्यामुळे ती बोलली की गाव ऐकतं.

"हिलरी, मला गोड बोलता येत नाही. त्या पोरीच्या घरात टीबी आहे. तिला आमच्या पोरांबरोबर एकाच पाण्यात उतरवणार तुम्ही?"

मागच्या रांगेत टालियाची आई बसली होती, डोरिटा. सभेनंतरच्या चहासाठी केळ्याचे स्कोन, छोटे गोड पाव, करून आणले होते तिने. अजून गरम होते. तिने गुपचूप ताट उचललं, वरचा कपडा नीट केला आणि निघून गेली. कुणी तिला थांब म्हणेना.

मी बोलले. भरपूर बोलले. टीबी पाण्यातून होत नाही, टालियाची तपासणी झालीय, तिला काही नाही. "डॉक्टर आहेस का तू?" मागून कुणीतरी. डेझने सभा आवरती घेतली.

घरी आले तर दोरीवरच्या चादरींवर राख, तोडणीआधी पेटवलेल्या उसाची. सगळं परत धुतलं. बरं वाटलं — काहीतरी आपटायला मिळालं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

टालिया आली नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज मजा आली! लिहायलाच हवं.

पलीकडच्या दवाखान्यात टीबीचा वॉर्ड सांभाळणारी नर्स आहे, सिस्टर मौना गामेआ. डोरिटाकडून तिचा नंबर मिळवला (डोरिटा दारातूनच बोलली, पण नंबर दिला) आणि शाळेच्या हॉलमध्ये फोन स्पीकरवर लावला. लॉरेटाला मुद्दाम बोलावलं. आली. हाताची घडी घालून पहिल्या खुर्चीत.

"पाण्यातून टीबी होतो का?" लॉरेटाने थेट विचारलं.

"अगं बाई, तसं असतं तर मी केव्हाच वर गेले असते! वीस वर्षं रोग्यांबरोबर एकाच पाण्यात कपडे धुतेय, अंघोळ करतेय." आवाज असा खणखणीत की स्पीकर थरथरला. "टीबी खोकल्यातून जातो. कोंदट खोलीत, रोज बरोबर राहणाऱ्याला. ती पोर आत्याला शेवटची भेटली कधी?"

"तीन वर्षं झाली," मी म्हटलं. "तेव्हा आत्या ठणठणीत होती."

"मग आता काय, फोनवरून लागला?"

लॉरेटाच्या नाकातून फुस्सकन आवाज आला. आधी वाटलं चिडली. हसत होती!

मग तीच विचारायला लागली. गोळ्या किती? रोज? दीड वर्ष?? सिस्टर म्हणाली, "रोज. रिकाम्या पोटी घेतल्या की ओकून पडतात. माणूस म्हणतो, नको ती गोळी, मरू दे. त्याला दोष कसा देऊ? म्हणून मला आधी तांदूळ पाहिजे, डब्यातले मासे पाहिजेत. आणि बोटीला पेट्रोल. औषध माझ्याकडे आहे, माणसं माझ्यापर्यंत पोचत नाहीत."

फोन ठेवल्यावर लॉरेटा पर्स घेऊन उठली. "डोरिटा कुठे राहते?"

"लॉरेटा, आता तिला आणखी काही बोलू नकोस हं —"

"पत्ता विचारला मी, हिलरी. उपदेश नाही."

१ सप्टेंबर, सोमवार

टालिया शाळेत हजर! केस नवे कापलेले, कपाळावर झुलपं, मानेवर झकास उतार. "लॉरेटा मावशीने कापले. पैसे घेतले नाहीत."

त्या घरात काय बोलणं झालं ते दोघींपैकी कुणी सांगत नाही. फिन म्हणतो, आई घरी आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात स्कोनचा डबा होता.

१३ सप्टेंबर, शनिवार

बेडकांची शर्यत! ही लॉरेटाची कल्पना. ती बाई एकदा आपल्या बाजूला आली की आपल्याला पळायला जागा उरत नाही.

उसातले ते मोठे, ओंगळ, चामखिळीवाले बेडूक. एरवी गाव त्यांना शिव्या घालतं. पोरांनी बादल्या भरून आणले. मैदानावर खडूने मोठं वर्तुळ, मधोमध बेडकांवर बादली उपडी. बादली उचलली की वर्तुळाबाहेर पहिला पडेल तो जिंकला. लॉरेटा खुर्चीवर उभी राहून एकेका बेडकाचा लिलाव पुकारत होती — "हा बघा, पाय बघा याचे! माझ्या नवऱ्याला असे पाय असते तर मी आनंदात राहिले असते!" नवरा समोरच होता. त्याने तोच बेडूक विकत घेतला.

डेझचा बेडूक ढिम्म. बादली उचलली तरी बसून राहिला, डोळे मिटून. पोरं ओरडली, "सरांसारखाच आहे!" हरणाऱ्याने बेडकाचा मुका घ्यायचा असं ठरलं होतं. डेझने घेतला. गावाने पैसे मोजून फोटो काढले.

डोरिटाचे स्कोन पहिल्या अर्ध्या तासात संपले. खाटीक तीनदा आला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या पोहायचं. शिक्षकांनीही उतरायचं असं आज पोरांनी परस्पर जाहीर केलं. पोहायचा पोशाख कपाटाच्या तळातून काढला. घालून आरशासमोर उभी राहिले. विक दारात — "छान दिसतेस." मग जरा थांबून, "श्वास घेता येतोय का?"

१८ ऑक्टोबर, शनिवार

पोचलो!!

सकाळी सहाला पहिली पोरं पाण्यात. भिंतीवर टालियाने मोठा नकाशा रंगवला होता, इकडे केप यॉर्क, मध्ये बेटं, तिकडे दवाखाना. फेऱ्या जमतील तशी लाल बोट पुढे सरकवायची. छोटी पोरं तरंगत्या फळ्या धरून, मोठी झपाझप. फिन उताणाच पोहतो आणि दर फेरीला भिंतीवर डोकं आपटतो, तरी थांबेना. दुपारी तर अशी वेळ आली की बोट समुद्राच्या मधोमध आणि पोरं दमून गवतावर. डेझचा चेहरा उतरला.

मग गाव आलं. पाळी संपवून कारखान्याची माणसं, राखेने काळी. "आधी अंघोळ करा!" मी ओरडले. अंघोळ करून उतरली. खाटीक उतरला. लॉरेटाचा नवरा उतरला, ते पाय घेऊन. डोरिटाला पोहता येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. सामुद्रधुनीतल्या बेटावरची बाई ती, पाण्यात शिरली आणि मासोळी झाली! एका दमात जाऊन येत होती. सगळे कठड्यावर उभे राहून बघत राहिले. लॉरेटा टॉवेल धरून काठाकाठाने तिच्याबरोबर पळत होती, जणू ती बुडणारच आहे.

मी चार फेऱ्या मारल्या. पाचवीला पोटरीत गोळा आला. वर ओढून काढावं लागलं, तिघांनी. हसायचं ते हसून घेतलं सगळ्यांनी.

शेवटची फेरी टालियाची. नकाशावरची लाल बोट तिने ओल्या हातानेच किनाऱ्याला लावली. पैसे अपेक्षेपेक्षा जास्त जमले. विक चादर गुंडाळून ओट्यावर घोरतोय. तोही उतरला होता!

६ नोव्हेंबर, गुरुवार

सिस्टर मौनाचा फोन. आपल्या पेट्रोलवर बोट पहिल्यांदा गेली. खेड्याखेड्यातून सात जण घेऊन आली, त्यात नाओमाई आत्या. "उचलून आणली तिला. चटईइतकी हलकी झालीय. पण शिव्या देतेय. शिव्या देणारे रोगी जगतात, माझा अनुभव आहे."

टालियाला शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं.

२८ जानेवारी, बुधवार

उन्हाळी सुट्टी संपली, नव्या वर्षाची शाळा उघडली. टालिया आता वरच्या शाळेत, पण गणवेश घालून आधी माझ्या वर्गाच्या दारात. धापा टाकत — "मिस! आत्याच्या थुंकीत जंतू नाहीत! दोन महिने लागोपाठ!"

गोळ्या अजून सव्वा वर्ष घ्यायच्याच आहेत. पण ती चालते, भात दोनदा मागते, आणि वॉर्डात कुणी गोळी टाळली की त्याच्या उशाशी जाऊन बसते, गिळेपर्यंत हलत नाही. सिस्टर म्हणते, मला फुकटात मदतनीस मिळाली.

मी टालियाला मिठी मारली. नवा वर्ग टकाटका बघत होता.

७ फेब्रुवारी, शनिवार

चक्रीवादळ समुद्रावरच दुसरीकडे वळलं, असं रेडिओवर म्हणाले होते. वळलं नाही. बाथरूममध्ये गादी अंगावर घेऊन मी, विक आणि शेजारची दोन पोरं. मी पाढे म्हणून घेतले त्यांच्याकडून. दुसरं काय येतं मला!

९ फेब्रुवारी, सोमवार

माणसं सगळी सुखरूप. देवाची कृपा. ऊस आडवा झाला. शाळेचं छप्पर उडालं — आख्खं. पत्रे हौदात. माझ्या वर्गात आकाश.

डेझ चिखलात उभा. "मोकळी हवा. टीबीला चांगली." आणि रडला. मी त्याला थर्मासमधला चहा दिला.

२ मार्च, सोमवार

वर्ग आंब्याखाली भरतोय. तंबू अजून यायचाय. पोरं खूश, मुंग्या त्याहून खूश. ऊन मात्र भाजून काढतं. टालियाने हे सगळं फोनवर आत्याला सांगितलंय म्हणे. डोरिटा आणि लॉरेटा रोज दुपारी बर्फाचं सरबत आणतात, आणि साखर किती यावरून रोज भांडतात.

१९ मार्च, गुरुवार

दुपारी सामुद्रधुनीतल्या एका बेटावरून क्वारंटाइनच्या, म्हणजे बाहेरून येणारा झाडपाला तपासणाऱ्या खात्याच्या माणसाचा फोन. पलीकडून बोट आलीय, शिगोशीग भरून. सागूच्या ताडाच्या झावळ्या, छपरासाठी ओळीने शिवलेल्या. वॉर्डातल्या रोग्यांनी शिवल्यात. आमच्या शाळेसाठी! नाओमाई आत्या स्वतः बरोबर आलीय. गठ्ठ्यावर बसलीय, उठत नाही.

"कायद्याने हा पाला पुढे सोडता येत नाही मॅडम, जाळावा लागेल. ते मी तिला कसंबसं सांगेन. पण ती एकच विचारतेय — पोरं अजून उन्हातच बसतात का? काय सांगू?"

त्याला थांबायला सांगितलं आणि वरच्या शाळेकडे पळत सुटले, टालियाला बोलवायला. आत्याला उत्तर तिनेच द्यायचं.