धवल्यापुरती जागा

आये, हसू नकोस माझ्या अक्षराला. चौथीतून मला काढून तूच म्हणाली होतीस, धवलारणीच्या पोरीला गाणी तोंडपाठ पायजेत, पाटी कशाला? म्हणून हे असं वेडंवाकडं. मांडवात हळदीपासून पाठवणीपर्यंत तू धवला गायचीस आणि मी मागून झील धरायची. एकदा मला खोकला आला आणि मी मधेच थांबले, तर मांडवातच तू असा चिमटा काढलास की दंड काळानिळा झाला. "धवला अर्धा टाकला तं नवरी अर्ध्या वाटंत ऱ्हाते." अजून ऐकू येतं मला ते.

आता आपल्या गव्हाण गावात झील धरायला कोणी नाही. लग्नात डीजे लावतात, खिडक्या थरथरतात, नवरीची आई काय बोलते तेही कळत नाही. गाणी तेवढी माझ्या डोक्यात, आणि डोकं म्हणजे गळकी घागर. नात खारघरला कॉलेजात जाते. ती म्हणाली, आजी, मी तुझे धवले कॉम्प्युटरमधे भरून ठेवते. मी म्हटलं, हळद लागल्याशिवाय धवला गायचा नाय, माझ्या आयेचा नेम हाय. मग तिने कॉम्प्युटरच्या डब्यालाच हळदीचं बोट लावलं. गुणाची आहे गं.

बरं चाललं होतं. पण तेलवणाचा, नवरीला तेल लावतानाचा धवला ऐन मधे आला आणि ते यंत्र थांबलं. म्हणे जागा संपली. गाणं अर्धं राहिलं! नात डबा घेऊन पनवेलला गेली. तिथल्या दुकानदाराने दुप्पट मोठी डिस्क बसवली, जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवून दिलं. घरी आणून लावलं, तर जागा तेवढीच, भरलेली. नात म्हणते काहीतरी राहिलं असेल. मी मनात म्हटलं, राहिलं कसलं, फसवलंय. डबा नवा, माल जुना. वाण्याकडून भात घेताना तू आधी पायली उलटी करून तिचं बूड ठोकून बघायचीस ना? मी कोणाची लेक?

तर डबा घेऊन मीच गेले नातीबरोबर. उलव्याच्या रस्त्याला नुसते मातीचे डंपर, लुगडं सगळं लाल झालं. दुकानात डबा ठेवला तर तो बाबा त्याला फडकं मारतोय. "आजी, हे पिवळं कसलं?" म्हटलं, "त्याला हात लावू नको. आधी जागा दाखव." त्याने पडद्यावर एक आडवी पट्टी काढली, अर्धी निळी, अर्धी काळी. म्हणाला, "ही काळी तुमची नवी जागा. नक्कल करताना जुनी हद्दपण तशीच आली. हद्द वाढवायची राहिली माझ्याकडून, चुकलं. आत्ता जोडून देतो."

काळी म्हणजे नासकी असणार, मला पक्कं वाटलं. आणि जोडताना माझं आतलं गाणं पुसलं तर? "बाला, आधी माझा धवला वाजव. मंग काय ते कर. मंग परत वाजव." तो नातीकडे बघून म्हणतो, "आजी पोलिसात होत्या का?" नात म्हणाली, "नाही, धवलारीण आहे. तुम्ही वाजवाच."

वाजवला. आये, माझा आवाज त्या खोक्यातून येतो आणि मी समोर बसलेली! शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईने डोकं आत घातलं, "कुनाचं लगीन हाय वो?" नात म्हणाली, "कॉम्प्युटरचं." सगळे हसले, मी नाही. माझे डोळे त्याच्या बोटांवर. त्याने काहीबाही दाबलं, काळी पट्टी निळी झाली. मी म्हटलं, रंग काय, कोनी पन देतं, वाजव. परत वाजला, पहिल्या ओळीपासून. तेव्हा कुठे श्वास सोडला. तरी निघताना विचारलंच, "जुनी डिस्क कुठंय?" नातीच्या हातात होती.

घरी येऊन नातीने पुन्हा हळद लावली आणि मी तेलवण पहिल्यापासून गायले. ती म्हणते आता हे कायमचं राहील, तिच्या लेकीलाही ऐकू येईल. मला इतका आनंद झालाय की तुला लिहायलाच बसले. टाकणार कुठे हे पत्र? उशीखाली ठेवीन.

एकच सांगते. नवरीच्या आईची ओळ आली आणि माझी जीभ अडली. यंत्र नीट व्हायची वाट बघता बघता निसटली, का आधीच गेली होती, कोण जाणे. मी थांबले नाही. माझ्या मनची एक ओळ घातली आणि पुढे गेले. नातीला कळलं नाही, मी सांगितलंही नाही. आणि आये, रागावू नकोस, पण परत ऐकली तर न आठवणाऱ्या तुझ्या ओळीपेक्षा मला ती बरी वाटली.