चार मेंढे, चार कॅन आणि माझी करडी नजर

३ मार्च
आजपासून ही वही. कुलपात राहील. एक किल्ली माझ्याकडे, दुसरीही माझ्याकडेच.
चाचणी सुरू. चार मेंढे, चार पिंजरे, प्रत्येकाखाली लघवी जमवायचा एक कॅन. मेंढ्याच्या पोटात जे जीवाणू वाढतात त्यांचं प्युरिन शेवटी लघवीवाटे बाहेर पडतं, बहुतेक सगळं ॲलँटोइन नावाचं रसायन होऊन. ते मोजलं की नवा चारा अंगी लागतोय की नाही ते कळतं. जगाला ते कळायला हवं आणि मला पीएच.डी. मिळायला हवी. सातवं वर्ष आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दिलेली मुदतवाढ शेवटची.
संकल्प: रोज सकाळी सातला शेडमध्ये हजर. आज नऊ वाजले, पण आज पहिलाच दिवस होता.

४ मार्च
कालचे आकडे उत्तम. लॅबमधली ज्युनिअर म्हणाली, सर, अगदी पुस्तकात असतात तसे आलेत. हिला माझ्या आकड्यांत एवढा रस का?
आजही साडेनऊ झाले. उद्यापासून नक्की.

५ मार्च, सकाळी ७.२०
लवकर गेलो ते बरं झालं. चारही रिकाम्या, धुतलेल्या कॅनच्या तळाशी पाणी! बोटभर. रंग नाही, वास नाही. आठ वाजता हेच कॅन पिंजऱ्याखाली लागणार. म्हणजे माझ्या लघवीत कोणीतरी पाणी घालतंय. (मेंढ्यांच्या.)
शेडमध्ये इतक्या सकाळी एकच माणूस असतो. परिचर. सगळे त्यांना मामा म्हणतात. अठ्ठावीस वर्षं नोकरी, एकही डाग नाही, महिनाअखेर निवृत्त. एकही डाग नाही हेच मला खटकतं.
ते चारा आणायला गेल्यावर चारही कॅन ओतून दिले. गटारापाशी थोडा फेस आला. साबणाचं पाणी असणार. कॅन तीनदा खळखळून धुतले.

६ मार्च
आकडे निम्म्यावर! मी पाणी काढलं तरी निम्म्यावर. म्हणजे गडी पोचलेला आहे.
ज्युनिअरला आडून विचारलं, समजा कोणी पाणी घातलं तर? ती म्हणाली, काही फरक नाही सर, एकूण लघवी मोजतोच ना आपण, हिशेब तोच येतो. उत्तर फार तयार होतं.
आजही पाणी होतं. ओतलं.

७ मार्च, सकाळी ६.५०
गवताच्या गठ्ठ्यांमागे लपलो. डोळ्यांनी पाहिलं. मामा आले. हातात रबरी मोजे, म्हणजे बोटांचे ठसे नकोत. डोळ्यांवर मोठा गॉगल, म्हणजे ओळख पटायला नको. बाटलीतून मापात घेऊन एकेका कॅनमध्ये सावकाश ओतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. गुन्ह्याची नोंद ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.
मला शिंक आली. मामांनी मागे न बघता विचारलं, साहेब, रुमाल देऊ का? मी आणखी खाली वाकलो. ते गेल्यावर ओतून दिलं.

९ मार्च
आकडे आणखी खाली. पण एक चांगलं झालं. आता कॅनला लघवीचा खरा, सणसणीत वास येतो. भेसळ थांबल्याचा याहून पुरावा काय हवा? ज्युनिअर नाकाला ओढणी लावून म्हणाली, सर, पहिल्या दोन दिवसांत असा वास नव्हता. नसणारच.
तीन नंबरचा मेंढा माझ्याकडे बघत होता आणि मी कॅनकडे वळल्यावर थांबला. त्याच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

१० मार्च
बायको म्हणाली, अहो, तुमच्या दोन्ही पँटची चाळण झालीय, तिथे अंगावर काय सांडता? म्हटलं, पाणी. ती म्हणाली, पाण्याने भोकं पडत नाहीत. हिने साबण बदललेला दिसतोय आणि ते माझ्यावर ढकलतेय.
शेडच्या भिंतीवर सूचनापत्रक लावलेलं आहे. मामा म्हणाले, एकदा डोळ्यांखालून घालता का? मी म्हटलं, त्यावर माझीच सही आहे. स्वतःचं पत्रक वाचत बसायला मला वेळ नाही.

१२ मार्च
ॲलँटोइन जवळजवळ संपलं. मॅडमकडे लेखी तक्रार दिली. चार पानं. भाषा जमली आहे. 'दिनांक ५ ते ११ असे सात दिवस परिचरांनी कॅनमध्ये टाकलेला द्रव मी स्वहस्ते ओतून दिला.' स्वहस्तेखाली रेघ मारली. मामांची चौकशी होणार. निवृत्तीचे पैसे अडकतील म्हणे. वाईट वाटतं, पण विज्ञान हे विज्ञान.

१४ मार्च
मॅडमच्या खोलीत बैठक. मॅडम, मामा, ज्युनिअर, मी.
मॅडमनी तक्रार मोठ्याने वाचली. स्वहस्तेपाशी थांबल्या. पुन्हा वाचलं. मग मामांना विचारलं, काय टाकत होता? मामांनी भिंतीवरचं सूचनापत्रक काढून आणलं होतं. चौथा मुद्दा: कॅन लावण्यापूर्वी प्रत्येकात पातळ सल्फ्युरिक ॲसिड टाकावे, नाहीतर कॅनमधले जंतू ॲलँटोइन खाऊन टाकतात. खाली माझी सही. मामांच्या वहीत रोजची वेळ, रोजचं माप.
मी म्हटलं, मला वाटलं पाणी. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
सात दिवसांचे नमुने फुकट. चाचणी सोमवारपासून पुन्हा, ज्युनिअरच्या देखरेखीखाली. माझ्या मुदतीबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी मामांना विचारलं, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्यावर असा आरोप झाला, तुम्हाला काही म्हणायचं आहे?
मामा उठले, माझ्यापाशी आले आणि म्हणाले, साहेब, सात दिवस उघड्या हातांनी ओतलंत? बघू हात. भाजलं नाही ना?
मी हात पुढे केले. त्यांनी उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, थोडं खोबरेल लावा. मला लाज वाटली. इतकी की वर बघवेना.

१४ मार्च, सायंकाळी
यात मामांचा काय डाव असेल, त्याचा बराच वेळ विचार केला. सापडला नाही.